ओटी

बाराव्या दिवशी नळ येतो.
रात्री अडीचला, पावणेतीनला,
लोटन आप्पाच्या मनात येईल तेव्हा.
व्हॉल्व्हच्या खड्ड्यात तो कमरेइतका उतरतो
नि चावी फिरवतो सत्तावीस आटे,
मोठ्यानं मोजत, म्हणजे झोप लागत नाही.

मी त्याच्या मागोमाग.
खांद्याला झोळी, झोळीत काचेची नळी,
बोटाएवढी बाटली आणि वही.
नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे,
पिवळं झालं की समजायचं, औषध पोचलं.
याला आमच्या खात्यात ओटी म्हणतात.
इंग्रजी अक्षरं आहेत ती. साहेबांनी फोड करून सांगितली होती,
माझ्या लक्षात नाही राहिली.
मला ओटी म्हटलं की खणनारळ दिसतो
आणि काचेत उतरणारी हळद.

टाकीखालच्या पहिल्या घरी हळद चांगली लागते.
स्टँडमागे फिकी.
साळीवाड्यात तर डोळे बारीक करून बघावं लागतं,
आहे म्हटलं तर आहे.

गल्लीगल्लीत मोटरी घोंगावत असतात.
'नळाला मोटर लावू नये' हे ज्या भिंतीवर लिहिलंय
तिच्याही आत एक.
पाइप आमचा गटारीतून गेलाय,
सांध्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
मोटर ओढते. कुठून ओढावं हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

आणि बाया शिळं पाणी ओतून देत असतात.
बारा दिवस ज्याला झाकून ठेवलं,
पोराच्या हातून पेला सांडला तर ज्याच्यासाठी धपाटा घातला,
तेच पाणी, नवं आलं म्हणून, भडाभडा
ओट्यावरून अंगणात, अंगणातून गटारीत,
गटारीतून

जाऊ द्या. ते वहीत लिहायचं नसतं.

टोकाचं घर तपासल्याशिवाय वही मिटायची नाही, असा नियम.
टोकाचं घर केवळबाई भोईणीचं.
तिच्याकडे मोटर नाही. करंगळीएवढी धार,
तोटीला जुन्या लुगड्याचा तुकडा दुहेरी बांधलेला.
नळी भरली. दोन थेंब. हलवली.
बॅटरीच्या उजेडात धरली.
काहीच नाही.
इतकं नितळ पाणी मी त्या रात्री कुठेच पाहिलं नव्हतं.

"पिवळं व्हयनं का वं?"
"नाही, मावशी."
"मंग चांगलंच शे ना. काचनागत दिखस."

मी काय सांगणार?
नवरा गेल्यापासून तिची ओटी कोणी भरलेली नाही,
ही नळीही कोरीच.

तिनं तांब्या पुढं केला.
"बठ. पानी पे. रातभर फिरस."
पाण्याला नाही म्हणू नये, हे आईनं शिकवलं.
पाण्याला नाही म्हण, हे नोकरीनं.
मी तांब्या हातात धरून बसून राहिले.

वहीत दोनच खुणा चालतात, अधिक आणि उणे.
उणे लिहिलं की साहेबांचे कागद वाढतात,
बाटली जळगावला जाते,
आठ दिवसांनी अहवाल येतो.
तोवर ते पाणी पिऊन झालेलं असतं.

उणे लिहिलं.
मग झोळीतून मेडिक्लोर काढलं, हंड्यात मोजून थेंब टाकले
आणि तिला म्हटलं, अर्धा तास थांबू.
थांबलो.
ती तिच्या भाचीच्या सोयरिकीचं सांगत होती,
मुलगा चोपड्याचा, केळीच्या ट्रकवर.
मध्येच उठून मी हंड्यातलं पाणी नळीत घेतलं:
अगदी फिकं, लिंबाच्या सालीच्या आतल्या बाजूसारखं.
"आते खराब व्हयनं का?" केवळबाई घाबरून म्हणाली.
मी तांब्यातलं ओतून दिलं,
हंड्यातलं भरून घेतलं आणि प्याले,
तिच्यादेखत, शेवटच्या घोटापर्यंत.
औषधाचा वास येत होता.

याच पाइपवर अलीकडे सात घरं.
बाटली हलवून पाहिली. तळाशी थोडं होतं.

लांबून लोटन आप्पाचे आकडे ऐकू आले,
पंचवीस, सव्वीस, सत्तावीस.
नळ गेला.
मोटरी अजून चालूच होत्या.